मागितल्याशिवाय उघडणार नाही

दुपारची सुट्टी झाली की साधना लुना काढायची आणि भिलाईच्या नंदिनी रोडवरच्या कारखान्यातून थेट सेक्टर दहा गाठायची. क्वार्टरच्या दारात सासूबाई, प्रेमलाबाई, गुड्डीला कडेवर घेऊन उभ्याच असायच्या. पोरीला आईच्या लुनाचा आवाज कळायचा. तो कोपऱ्यावर ऐकू आला की ती आजीच्या खांद्यावर हनुवटी आपटायला लागायची. मग साधनानं पर्स, चष्मा, चपला जिथं पडतील तिथं टाकायच्या आणि पोरीला पदराखाली घ्यायचं. पोट भरलं की गुड्डी आईचं एक बोट मुठीत धरून झोपायची. ते बोट हळूच सोडवून घेणं हे साधनाच्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. बाकीची कामं, म्हणजे तीन युनिक्स यंत्रं, एक खडखडणारा प्रिंटर आणि खापरे साहेब, त्यामानानं सोपी होती.

हा वेळ तिचा आणि पोरीचा होता. आणखी कुणी तो मोजत असेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

सत्त्याण्णव साल होतं. पोळा नुकताच झाला होता. एका दुपारी ती परत आली तर विजया आपल्या टर्मिनलवर रुमाल टाकून बसली होती. रुमालाच्या खालून पडद्याचा हिरवा उजेड येत होता.

"काय झालं? डोकं दुखून राहिलं का?"

"नाही ताई."

"मग कॉम्प्युटरले पडदा कावून लावला?"

विजयानं रुमाल काढला. ती दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधली पोर, डाटा एंट्रीला लागून सहा महिनेही झाले नव्हते. बापानं, दुर्गच्या रेल्वे सिग्नल केबिनवरच्या बळीरामनं, नोकरीला पाठवताना एकच अट घातली होती : एक बी वाकडी गोष्ट कानावर आली, त दुसऱ्या दिवशी घरी. ही गोष्ट विजयानं पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगितली होती. आज ती हसत नव्हती.

पडद्यावर ट्रकांच्या चलनांच्या ओळी होत्या आणि त्यांच्या मधोमध, इंग्रजी अक्षरांत, एक हिंदी ओळ पडली होती. मॅडम गई दूध पिलाने. अब तो कुछ बोलो, पीली चुन्नी.

साधनानं ती दोनदा वाचली. पिवळ्या चुन्नीचा राग नंतर आला. आधी आला तो दुधाचा.

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून. तुम्ही गेल्या की येते. तुम्ही आल्या की बंद."

"कोण आहे?"

"नाव त डिस्पॅच येते."

डिस्पॅच म्हणजे आवाराच्या पलीकडची, वजनकाट्याजवळची खोली. भरलेले ट्रक तिथं तोलले जायचे आणि चलन घेऊन गेटबाहेर पडायचे. तिथं एक वेगळं यंत्र होतं, तारेनं संगणक कक्षाच्या मोठ्या यंत्राला जोडलेलं. तिथले सगळे पोट्टे डिस्पॅच या एकाच नावानं आत शिरायचे, आणि त्या नावाचा पासवर्ड यंत्राच्याच डोक्यावर कागदाच्या चिठ्ठीनं चिकटवलेला असायचा. विसरायला नको म्हणून. तेव्हा कोण लिहितो हे विचारण्यात अर्थ नव्हता. सगळेच लिहीत होते आणि कुणीच लिहीत नव्हतं.

पण आपण घरी गेलो हे त्यांना कळतं कसं, याचं उत्तर साधनाला खुर्चीत बसल्या बसल्या सापडलं, आणि ते सापडल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. इतके दिवस ती हे यंत्र सांभाळत होती.

त्या काळी असं यंत्र खोक्यातून काढून लावलं की त्याच्या बऱ्याचशा खिडक्या आधीच सताड उघड्या असायच्या. कुणी उघडलेल्या नसायच्या, कुणी मागितलेल्याही नसायच्या. बनवणारेच तशा पाठवून द्यायचे, कुणाला कधी काय लागेल काय सांगावं म्हणून. त्यातली एक फिंगर. दुसऱ्या यंत्रावरचा कुणीही तिच्यातून विचारू शकायचा, की आत कोण कोण बसलंय आणि कुणाच्या कीबोर्डला किती वेळ बोट लागलेलं नाही. दुसरी वॉल. तिच्यातून आतल्या सगळ्या पडद्यांवर एक ओळ फेकता यायची. यंत्र बंद होणार आहे, कामं आटपा, असं सांगण्यासाठी ती होती. साधनाचा कीबोर्ड दुपारी थंड असतो, म्हणजे विजया एकटी आहे, हे डिस्पॅचच्या पोरांना घरबसल्या कळत होतं. सासूबाईंनासुद्धा सुनेच्या येण्याजाण्याचा इतका पत्ता नव्हता.

ती खापरे साहेबांकडे गेली.

नरहरी खापरे संगणक विभागाचे प्रमुख होते. मूळचे अमरावतीकडचे, उभी नोकरी हिशेब खात्यात काढलेली, आणि कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा एसीच्या खोलीत बसायला मिळतं म्हणून इकडे आलेले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं जातं.

"पोट्टे आहेत," ते म्हणाले. "गंमत करून राहिले."

"साहेब, त्या दोन सोयी मी बंद करून टाकते. आपल्या इथं कोणी वापरत नाही त्या."

"वापरून त राहिले."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

"हे पाय साधना. कॉम्प्युटर कंपनीच्या इंजिनीअरनं जसं लावून दिलं, तसं राहू दे. त्या फायलीले तू हात लावला आणि उद्या मशीन बसली, त ते म्हणतील तुम्ही छेडछाड केली. मग मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? विजयाले सांग, पडद्याकडे लक्ष नको देऊ."

"ती डाटा एंट्री करते, साहेब."

"मग कामापुरतं पाहावं."

साधनानं मधला रस्ता काढला. यंत्रात एक पहारेकरी असतो, म्हणजे तसा एक प्रोग्रॅम. तो जागा झाला की एक ठरलेली फाईल वाचतो आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे एकेक खिडकी उघडत जातो. ओळीच्या आरंभी हॅशचं चिन्ह घातलं की तो ती ओळ सोडून देतो. तिनं मूळ फाईल जागची हलवली नाही. तिची नक्कल केली, नकलेत त्या दोन ओळींवर हॅश घातले, आणि पहारेकऱ्याला सांगितलं, ती राहू दे, ही वाच. साहेबांचा शब्द मोडला नाही आणि विजयाचा पडदा स्वच्छ झाला.

गणपतीचे दिवस सुखात गेले. दुपारी ओळी येईनात. विजया पुन्हा गाणं गुणगुणत चलनं भरू लागली आणि एक दिवस ती पिवळी चुन्नी घालून आली, तेव्हा साधनाला इतकं बरं वाटलं की तिनं डब्यातला मोदक तिला काढून दिला. आपण मोठं काम केलं, असं तिला वाटत होतं. कुणाला न दुखवता केलं, याचंही तिला कौतुक होतं.

मग विश्वकर्मा पूजा आली.

भिलाईत हा दिवस कसा असतो हे भिलाईच्याच माणसाला ठाऊक. प्लांट असो की चार लेथचं वर्कशॉप, सगळं धुऊन पुसून लख्ख होतं, यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, आणि एरवी जिथं पास असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही तिथं बायकापोरं, म्हातारे आईबाप, सगळ्यांना जाऊ देतात. आपला माणूस कुठं राबतो ते पाहायला. आणि त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. वर्षभर एकदाही न निजणारी संगणक कक्षातली यंत्रंसुद्धा आदल्या संध्याकाळी खापरे साहेबांनी स्वतःच्या हातानं बंद केली. देवाले आराम, म्हणाले.

सकाळी पंडितजींनी मोठ्या यंत्राच्या कपाळी, म्हणजे जिथं कपाळ असावं असं त्यांना वाटलं तिथं, कुंकू लावलं. नारळ बाहेर फोडला, आत पाणी सांडायला नको म्हणून. थोड्या वेळानं माणसं यायला लागली तशी साहेबांना चैन पडेना. काळे पडदे काय दाखवायचे लोकांना?

"चालू करा," ते म्हणाले.

"आज त हात लावत नाहीत ना, साहेब?" कुणीतरी म्हणालं.

"दाखवाले चालते. कामाले नाही."

साधना तेव्हा गुड्डीला कडेवर घेऊन बुंदीचे द्रोण वाटत होती. प्रेमलाबाईही आल्या होत्या, नातीच्या मागे मागे. यंत्र घरघरत जागं झालं ते तिनं ऐकलं आणि नेहमीसारखं कानाआड केलं. झोपेतून उठलेला पहारेकरी आदली सगळी बोलणी विसरलेला असतो, हे तिच्या लक्षातच आलं नाही. तो उठला, आणि त्यानं आपली मूळ फाईल वाचली.

विजया बापाला घेऊन आली होती. बळीराम पांढऱ्या शर्टात, डोक्याला तेल चोपडून, पोरीच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. हात टेबलाच्या काठावर ठेवलेले, कीबोर्ड जणू तापलेला तवा.

"बाबा, हे पाहा. इथं मी गाडीचा नंबर टाकते. हे वजन. हे पार्टीचं नाव."

"आणि चुकलं त?"

"चुकलं त हे दाबते. पुसून जाते."

"अरे वा," बळीराम म्हणाला. कौतुकानं त्याचे कान लाल झाले होते.

तेव्हा ती ओळ आली. खोलीतल्या सगळ्या पडद्यांवर एकदम. आज पीली नहीं, लाल? किसके लिए?

बळीरामला इंग्रजी अक्षरं येत होती, नोकरीतच शिकला होता. तो ओठ हलवत वाचत गेला. मग त्यानं पोरीच्या अंगावरची लाल साडी पाहिली. नवी होती. त्यानंच घेऊन दिली होती, पहिल्यांदा तिच्या ऑफिसात जायचं म्हणून.

"कोणं लिहिलं हे?"

"माहीत नाही, बाबा."

"पहिल्यांदा लिहिलं?"

विजयानं पुसायचं बटण दाबलं, पण ओळ गेली नाही. आजूबाजूची माणसं छताकडे, पंख्याकडे, झेंडूच्या माळांकडे पाहू लागली.

"चाल," बळीराम म्हणाला. हातातला बुंदीचा द्रोण त्यानं टेबलावर ठेवला, एक दाणा सांडू न देता, आणि दोघं बाहेर पडले. आवारातून जाताना विजया बापाच्या चार पावलं मागे होती. दुरून फक्त लाल साडी दिसत होती.

साधनानं गुड्डीला सासूबाईंच्या हातात दिलं आणि मोठ्या यंत्रासमोर बसली.

"साधना," खापरे साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "आज नाही. आज हात नाही लावत."

"डिस्पॅचनं लावला, साहेब."

"पण पूजा झाली आहे. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. दाखवाले चालते म्हणाले ना तुम्ही?"

तिनं मूळ फाईल उघडली. नक्कल नाही. फिंगरच्या ओळीवर हॅश घातला, वॉलच्या ओळीवर घातला. इथंच ती थांबणार होती. पण खाली आणखी ओळी होत्या, पडदा भरून वाहत होत्या. ही कशाची? हिच्यातून काय आत येतं? तिला माहीत नव्हतं. खापरे साहेबांना माहीत नव्हतं. ज्या इंजिनीअरनं यंत्र लावून दिलं त्यालाही माहीत नसणार, त्यानं खोकं उघडलं आणि वायर जोडली. कुणालाच माहीत नाही, म्हणून उघडी. हा कुठला न्याय झाला? ज्याला त्रास होईल त्यानं शोधावं कुठली खिडकी, त्यानं यावं, त्यानं हात जोडावेत, बंद करा म्हणून. आणि तोवर त्यानं पडद्यावर रुमाल टाकून बसावं.

कुणालाच माहीत नाही, म्हणून बंद.

ती एकेका ओळीवर हॅश घालत गेली. कीबोर्डवर कुंकू सांडलेलं होतं, तिची बोटं लाल झाली. फाईलच्या तळाशी पोचल्यावर तिनं परत वर येऊन एकाच ओळीवरचा हॅश काढला, जिच्यातून लोक आपलं नाव आणि पासवर्ड सांगून कामाला आत यायचे तिच्यावरचा.

"काय काय बंद केलं?" साहेबांनी विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. कोणाले काही पाहिजे असलं, त त्यानं येऊन सांगावं काय पाहिजे आणि कशासाठी. मागितल्याशिवाय उघडणार नाही."

मग तिनं देवाचं कुंकू लावलेलं ते यंत्र सगळ्या पाहुण्यांसमोर बंद केलं आणि परत चालू केलं. झोपून उठल्यावर त्याला काय आठवतं ते तिला आज पाहायचंच होतं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. यंत्र उठलं. या वेळी ते काही विसरलं नाही.

"ही तुमची सून," खापरे साहेब प्रेमलाबाईंना म्हणाले, "घरी बी अशीच करते का?"

"घरी आम्ही मागून घेतो, साहेब," प्रेमलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विजयाची खुर्ची रिकामी होती, आणि गेटवर ट्रक उभे होते.

झालं असं होतं, की वजनकाट्यावर गाडी तोलली की डिस्पॅचचं यंत्र चलनाचा पुढचा नंबर मोठ्या यंत्राकडून आपोआप घेऊन यायचं. कुठून, तर अशाच एका खिडकीतून, पासवर्ड न विचारता आत शिरू देणाऱ्या. आता ती खिडकी बंद. नंबर नाही, म्हणून चलन नाही, म्हणून गाडी हलत नाही. रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती आणि ड्रायव्हरांनी एकमेकांना पाहून हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती.

खापरे साहेब धापा टाकत आले.

"उघड."

"काय उघडू, साहेब?"

"सगळं. जसं होतं तसं."

"सगळं नाही. चलनाचं काय ते करून देते. थोडा वेळ लागेल."

"मागितलं की उघडते म्हणाली होती ना तू? मी मागून राहिलो."

"तुम्ही सगळं मागून राहिले. सगळं मागितलं म्हणजे काहीच नाही मागितलं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. हॉर्न आता सुरात वाजत होते.

"साधना, मी ऑर्डर देऊन राहिलो. नसेल जमत त पासवर्ड दे, मी बसतो."

"देते." तिनं कागद ओढून पासवर्ड लिहिला, साहेबांसमोर ठेवला. "तुम्ही उघडा. मग दुर्गला जा आणि विजयाच्या बापाले तुमच्या तोंडानं सांगा, की तुमच्या पोरीचा पडदा आम्ही परत होता तसा करून दिला. मी नाही सांगणार. माझी बी पोरगी आहे."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. तो त्यांनी उचलला नाही, परत केला नाही. मग म्हणाले, "किती वेळ लागंल?"

"तुम्ही बोलले नाही, त लवकर होईल."

तिनं बिनपासवर्डाची ती चोरवाट उघडली नाहीच. डिस्पॅचवाल्यांसाठी तिनं एक दार बांधायला घेतलं, ज्यातून आत आलं की फक्त चलनाचा पडदा दिसेल, दुसरं काही नाही, आणि काम झालं की माणूस बाहेर. डिस्पॅच हे सगळ्यांचं मिळून असलेलं नाव तिनं पुसून टाकलं. ज्यानं त्यानं आपल्या नावानं यायचं, आपला पासवर्ड सांगायचा. काम सोपं नव्हतं. दोनदा चुकलं. दुपारची सुट्टी झाली आणि संपायला आली, ती उठली नाही. छाती भरून आली, ब्लाउज ओला झाला, तिनं पदर ओढून घेतला. या वेळी गुड्डी कोपऱ्यावरच्या आवाजाला कान लावून बसली असेल, हे तिला दिसत होतं. ते बाजूला सारून ती पुढची ओळ लिहीत होती.

दार ढकलून प्रेमलाबाई आल्या. कडेवर गुड्डी, रडून रडून नाकाचा शेंडा लाल.

"तू येत नाही, मग आम्हीच आलो ऑटो करून. घे हिला."

साधनानं प्रिंटरच्या कागदांच्या गठ्ठ्यांआड खुर्ची ओढली, दाराकडे पाठ केली आणि पोरीला पदराखाली घेतलं. एका हातानं पोरीचं डोकं, एका हातानं कीबोर्ड. गुड्डीनं हुंदका देत देत प्यायला सुरुवात केली, आणि साधनाचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले.

तेवढ्यात खापरे साहेब आले, पाहिलं आणि गर्रकन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुढचं सगळं ते कॅलेंडरशीच बोलले.

"जीएम साहेबांचा फोन येऊन गेला. आणि साधना, इथं लहान लेकरू. धुळीचा नियम आहे आपला."

"चपला बाहेर काढल्या आम्ही, साहेब," प्रेमलाबाई म्हणाल्या. "लेकरानं त घातल्याच नव्हत्या."

"डिस्पॅचले सांगा," साधना म्हणाली, "एकेकानं येऊन आपला पासवर्ड घेऊन जावा. चलन सुरू झालं."

पहिला ट्रक हलला तो गुड्डी झोपायच्या आत. साहेब कॅलेंडरला म्हणाले, "उद्या कंपनीवाल्यानं विचारलं, त हे माझ्या नावावर नको."

"माझ्या नावावर ठेवा."

ट्रक गेले, पण खुर्ची रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साधना ऑफिसआधी दुर्गला गेली. बळीराम ड्यूटीवरून येऊन ओट्यावर दात घासत होता. त्यानं तिला बसायला वेताचा मोडा दिला, चहा सांगितला, पण आत बोलावलं नाही. विजया दारामागे उभी होती. चौकटीवर तिची चार बोटं दिसत होती.

"कोण होता?" बळीरामनं विचारलं.

"मला माहीत नाही. आणि मी शोधूनबी नाही राहिली."

"मग कायले आल्या?"

"आता तसं होऊ शकत नाही, हे सांगायला आली. मी सगळं बंद केलं."

"आज केलं. उद्या तुमचा साहेब उघडंल."

हे खरं होतं. साधनानं चहाचा कप खाली ठेवला. तेव्हा दारामागची चार बोटं सुटली आणि विजया बाहेर आली.

"बाबा, मी काय केलं?"

"तू काही नाही केलं."

"मग मी कावून घरी बसू? लिहिणारा ऑफिसात जाऊन राहिला, मी घरी. तो शर्टाले इस्त्री करून जाऊन राहिला."

"विजे."

"तुमचा सिग्नल कसा राहते, बाबा? मी डबा घेऊन येत होती ना केबिनीत, तेव्हा पाहिलं. हात सदा आडवा, थांब म्हणून. कोणी म्हणते का, की येऊ दे सगळ्या गाड्या, टक्कर झाली की मग आडवा करू? गाडी येते, तिची लाईन मिळते, तवा तुम्ही हात खाली पाडता. ताईनं तेच केलं."

"सिग्नलचं मले नको शिकवू," बळीराम म्हणाला. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. मग साधनाकडे वळला. "लिव्हर कोणाच्या हातात आहे? तुमच्या? तुम्ही त दुपारी लेकराकडे जाता. जायलाच पाहिजे. मग?"

साधनानं काही ठरवून आणलं नव्हतं. तोंडून निघून गेलं.

"विजयाच्या हातात. मी शिकवते. कोणाले काय उघडून द्यायचं, ते ही ठरवंल. साहेबाले बी हिलेच मागावं लागंल."

बळीरामनं पोरीकडे पाहिलं. विजयाची मान ताठ होती, डोळे मात्र भरले होते. तो उठला, टॉवेल दोरीवर टाकला, आणि आत जाता जाता, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "डबा भरला का तुह्या मायनं?"

विजयाला शिकायला वेळ लागला नाही. लेखा विभागाला प्रिंटरची एक वाट हवी होती, ती तिनं कारण विचारून उघडून दिली. स्टोअरवाल्यानं दोन मागितल्या, त्याला एक मिळाली. खापरे साहेबांनी एकदा नुसतंच विचारलं, "माझ्या टर्मिनलचं काय?" तर ती म्हणाली, "तुम्हाले काय पाहिजे, साहेब?" आणि साहेब विचार करत करत आपल्या केबिनमध्ये गेले ते परत आले नाहीत.

एका दुपारी साधना निघायच्या बेतात पर्स घेऊन व्हरांड्यात आली, तर समोरून डिस्पॅचचा चंपत येत होता. तिला पाहून तो भिंतीवरची नोटीस वाचू लागला. ती पुढं गेली, आणि वळणावर थांबली. चंपतनं चपला काढल्या, दार किलकिलं केलं.

साधनाचा पाय मागं वळला होता. मग तिनं तो थांबवला.

"ते, वॉल पाहिजे होतं आमाले," चंपतचा आवाज आला.

"कशासाठी?" विजयाचा.

"काम पडते ना कधी कधी."

"कोणतं?"

"म्हणजे, मशीन बंद होणार असली, त सगळ्याइले सांगाले."

"मशीन मी बंद करते, चंपतभाऊ. मी फोन करून सांगीन तुम्हाले."

चंपत खाकरला.

"बरं, फिंगर तरी. पहले था ना."

"त्यानं काय पाहता तुम्ही?"

"हेच, की आत कोण बसलं आहे."

"मग पाहा ना," विजया म्हणाली. "आले आहा त नीट पाहून घ्या. मी बसली आहे."

दार लागलं. चंपत बाहेर येऊन चपलांत पाय घालू लागला. डावी उजवीकडे गेली, परत काढावी लागली. आतून कीबोर्डचा आवाज सुरू झाला होता, भरभर, न अडखळता.